रोज एक मिलिमीटर

उद्यमनगरात बावीस वर्षं लेथवर उभा होतो.
मिलिमीटरचे शंभर तुकडे बोटांना कळायचे.
व्हर्नियर लावायच्या आधीच सांगायचो,
दोन पॉइंट जास्त आहे रे, परत लाव.

मग शिरोलीच्या पुलावर, रात्रपाळीहून येताना,
मोटारसायकल एकीकडे, मी एकीकडे
आणि उजवा हात तिसरीकडेच.
मोडला नव्हता, रक्त नव्हतं,
फक्त माझा नव्हता.
खिळ्यावरच्या ओल्या टॉवेलासारखा लोंबायचा
आणि आतून जळायचा.

नाव सांगा, म्हणाला केसपेपरवाला.
दस्तगीर शिकलगार.
दस्तगीर म्हणजे हात धरणारा.
तो काही बोलला नाही, हसू मलाच आलं.

डॉक्टर नेजदारांनी कागदाच्या पाठीवर
मानेतून निघणाऱ्या पाच रेघा काढल्या.
वरच्या तीन उपटल्यात. मुळासकट.
मी विचारलं, वेल्डिंग होत नाही?
"मुळं परत रोवता येत नाहीत.
शेजारच्या पाटाचं पाणी वळवता येतं."

दर बुधवारी लांब टेबलाशी सगळे बसायचे,
मधोमध मी, शर्ट काढून, जॉबसारखा.
महांतेश सुया टोचून स्नायूचा आवाज ऐकायचा,
पत्र्यावर थेंब पडावेत तशी टपटप.
कानाला गोड लागली, पण तो म्हणाला, हे बरं नव्हे.
खोत मॅडमना घाई,
सांधाच आखडला तर नस येऊन करणार काय?
दुखण्याच्या डॉक्टरांनी आधी झोप विचारली, मग हात.
आणि हुक्केरी बाईंनी एवढंच,
चहा कुठल्या हातानं पीत होता?

भांडायचेही. पट्टा किती दिवस, आधी कुणाचं काम.
मला उलट धीर आला.
आमच्या शॉपमध्येही भांडणं
महागड्या जॉबवरच व्हायची.

पट्टा मानेला काचत होता, म्हणून
सुभाषनगरचे सातपुते आले. चपला शिवणारे.
पायाचं घेतात तसं माझ्या खांद्याचं माप घेतलं,
मऊ चामडं कापलं, पैसे घेतले नाहीत.
पुढच्या बुधवारी टेबलाशी एक खुर्ची जास्त होती.

ऑपरेशन नऊ तास.
फासळ्यांतल्या तीन नसा, श्वासाच्या,
दंडाकडे वळवल्या.
"आता रोज एक मिलिमीटर," नेजदार म्हणाले,
"साधारण एकशे साठ जायचंय."
एकशे साठ!
मी चहा यायच्या आत उतरवायचो.

नसीम रात्री दंडावर टिचक्या मारायची.
जिथं मुंग्या येतील तिथं बॉलपेनचा ठिपका.
पोरगा व्हर्नियर लावून वहीत लिहायचा.
काही आठवडे वही जागची हलली नाही.
नसीम म्हणाली, तुमची बोटं उतावीळ, नस न्हाई.

आठव्या महिन्यात तिच्याबरोबर कांडपावर गेलो,
मिरची दळायला.
शिंकलो,
आणि कोपर हललं.
पुन्हा शिंकलो. पुन्हा हललं.
कांडपवाल्याला वाटलं मी ठसक्यानं रडतोय.

श्वास भरला की हात वाकतो आता.
जांभई दिली तरी. खोकलो तरी.
पुतणीच्या लग्नात फोटोवाला हसवत होता,
सगळ्या फोटोंत माझा हात हललेला.
आणि सातपुत्यांच्या मयताला गेलो तेव्हा
हुंदका आला,
तसा हात आपणहून छातीशी आला.
मी त्याला बोलावलं नव्हतं.

खोत मॅडम म्हणतात, डोकं शिकेल,
श्वास वेगळा, हात वेगळा होईल.
होऊ दे. सावकाश.

खांदा वर जात नाही, जाणार नाही म्हणतात.
लेथ पोराच्या वयाचा एकजण चालवतो,
मी तपासणीच्या टेबलावर.
चार वाजता स्टीलचा कप उजव्या हातात धरतो,
श्वास भरतो, कप वर येतो, थांबतो.
ओठापर्यंत अजून
बहात्तर मिलिमीटर.
मोजलेत.